फिरंगी

फिरंगी : युरोपीय, जुन्या मराठीत बहुतेक वेळा पोर्तुगीज माणूस, त्याच्याशी जोडलेली वस्तू वा मुलूख. शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ आहे ते फ्रँक या जर्मानिक लोकांच्या नावात. फ्रान्स हे देशनामही त्यांच्यावरूनच पडले. अरबीत शब्दाच्या आरंभी जोडाक्षर चालत नाही, म्हणून तिथे ‘इफ्रंज’ झाले आणि फारसीत ‘फरंग’. १०९६ पासूनच्या धर्मयुद्धांत पश्चिमेकडून आलेला लढवय्या जर्मन असो की इंग्लिश, अरबांच्या लेखी तो इफ्रंजच होता.

‘देशोदेशी फिरणारा’ किंवा ‘फिक्या रंगाचा’ अशी फोड सर्रास सांगितली जाते. ती चुकीची आहे. हा शब्द घडला तो मराठीच्या बाहेर, त्यामुळे मराठीतल्या ‘फिर’ धातूशी त्याचा संबंध नाही. शेवटचा ‘ई’ हा हिंदुस्थानी, इराणी यांतला फारसी प्रत्यय आहे.

पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले, १५१० मध्ये त्यांनी गोवे घेतले, आणि हे नाव मराठी मुलखात त्यांनाच चिकटले. ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी नावे एकापाठोपाठ येतात. म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डेन. सगळ्यांना मिळून शब्द आहे ‘टोपीकर’. मराठी दप्तरातला हा काटेकोरपणा लक्षात ठेवलाच पाहिजे, कारण हिंदीत फिरंगी म्हणजे इंग्रज असा अर्थ रुळला आणि त्या सवयीने जुनी पत्रे वाचली की चूक ठरलेली. वाचताना आधी शेजारी दुसऱ्या टोपीकरांची नावे आहेत का ते पाहावे, मग ठिकाण, मग साल. मुंबईबद्दल तर साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये : १६६५ मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात आले, त्याआधी तिथले धनी फिरंगीच. वसईकडच्या पोर्तुगीज मुलखाला ‘फिरंगाण’ म्हणत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली ती याच फिरंग्यांकडून.

‘फिरंग’ (स्त्रीलिंगी) ही तलवार. पाते लांब, सरळ, युरोपातून आलेले किंवा त्या घडणीचे. मूठ मात्र देशी, बहुधा ‘खंडा’ या देशी तलवारीसारखी, बोटांवर आडवी पट्टी आणि मागे टोकदार काटा असलेली. हा काटा दुसऱ्या हाताने धरून दोन्ही हातांनी वार करता येई. त्यामुळे ‘फिरंग’ दिसली की क्रियापद पाहावे : ‘फिरंग उपसली’ इथे माणूस नाही, हत्यार आहे.

भावमिश्रांच्या सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात ‘फिरंगरोग’ आहे, म्हणजे उपदंशासारखा संसर्गजन्य गुप्तरोग, ज्याला मराठीत गरमी म्हणत. फिरंग देशात तो फार आढळतो म्हणून हे नाव, असे ग्रंथातच सांगितले आहे. बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून असे तीन प्रकार दिले आहेत, उपचारांत पारा आणि चोपचिनी ही औषधी मुळी. तुर्कीतही त्या रोगाला ‘फ्रेंगी’च म्हणतात. परक्याचे नाव रोगाला देण्याची ही खोड बऱ्याच भाषांत दिसते.

तेलुगूत ‘फिरंगी’ म्हणजे तोफ. मिंगकालीन चिनी ‘फोलांगजी’ म्हणजे पोर्तुगीज आणि त्यांची मागून दारू भरायची तोफही. तमिळमध्ये ‘परंगिक्काय’ म्हणजे भोपळा, आणि थाई भाषेत ‘फरांग’ हा एकच शब्द गोऱ्या परदेशी माणसाला लागतो आणि पेरूलाही.