एनएफ-कॅपा-बी संकेतमार्ग

एनएफ-कॅपा-बी हा प्राण्यांच्या जवळजवळ सर्व पेशींत आढळणारा प्रथिनांचा एक गट आहे. एरवी ही प्रथिने पेशीद्रवात निष्क्रिय पडून असतात. जंतुसंसर्ग, जखम, किरणोत्सर्ग किंवा शेजारच्या पेशीने सोडलेले दाहकारक प्रथिन यांची खबर पेशीला लागली की ती मोकळी होऊन केंद्रकात शिरतात आणि शेकडो जनुकांचे वाचन, म्हणजे त्यांवरून प्रथिने बनवण्याचे काम, सुरू करून देतात. खबर लागल्यापासून जनुके वाचली जाईपर्यंत घडणाऱ्या रासायनिक क्रियांच्या साखळीला एनएफ-कॅपा-बी संकेतमार्ग म्हणतात. संधिवाताभ संधिशोथ, आतड्यांचे दीर्घकालीन दाहविकार, सोरायसिस आणि अनेक प्रकारचे कर्करोग यांत हा मार्ग बिघडलेला आढळतो. दाह आणि कर्करोग यांचे नाते प्रयोगशाळेत उलगडले ते मुख्यतः याच्याच अभ्यासातून. त्या अभ्यासातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की हा संकेत सुरू होणे शरीराला हवेच असते. रोगाचा उगम बहुधा तो वेळेवर न थांबण्यात असतो.

शोध

१९८६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज येथील व्हाइटहेड संस्थेत डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन प्रतिपिंडांच्या जनुकांवर काम करत होते. प्रतिपिंडाच्या ‘कॅपा’ नावाच्या साखळीचे जनुक प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींतच का वाचले जाते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी त्या जनुकाच्या नियंत्रक भागाचे लहान तुकडे किरणोत्सारी फॉस्फरसने चिन्हांकित केले, केंद्रकातून काढलेल्या अर्कात मिसळले आणि ते मिश्रण विद्युतप्रवाहाने जेलमधून सरकवले. ज्या तुकड्याला प्रथिन चिकटते तो जेलमध्ये मागे रेंगाळतो, आणि क्ष-किरण फिल्मवर त्याची वेगळी काळी पट्टी उमटते. बी पेशींच्या अर्कात अशी एक ठळक पट्टी मिळाली. कॅपा जनुकावरील ‘बी’ या जागेला चिकटणारा केंद्रकीय घटक, म्हणून त्याला न्यूक्लियर फॅक्टर कॅपा बी हे नाव पडले.

त्याच वर्षी आलेला त्यांचा दुसरा शोधनिबंध अधिक महत्त्वाचा ठरला. अपरिपक्व बी पेशींत ही पट्टी दिसत नव्हती. पण जिवाणूंच्या भित्तिकेतील लिपोपॉलिसॅकराइड त्या पेशींवर टाकताच ती दिसू लागली. मग त्यांनी सायक्लोहेक्सिमाइड वापरले. या रसायनाने पेशीतील नव्या प्रथिनांची निर्मिती थांबते. तरीही पट्टी उमटली. याचा अर्थ हे प्रथिन नव्याने बनत नव्हते. ते आधीपासून पेशीत होते आणि कशाने तरी अडवून ठेवलेले होते. शिवाय योग्य उत्तेजन दिल्यास ते बी पेशींखेरीज इतर पेशींतही दिसले. बी पेशींपुरत्या विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने शरीरातल्या सगळ्याच पेशींना लागू पडणारे निघाले.

अडवणारा कोण, हे १९८८ मध्ये पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी दाखवले. अनुत्तेजित पेशींच्या पेशीद्रवात डिऑक्सीकोलेट हे पित्तलवण मिसळल्यावर एनएफ-कॅपा-बी मोकळे झाले. त्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाला आय-कॅपा-बी म्हणतात.

कार्यपद्धती

मानवी पेशीत या गटाची पाच प्रथिने असतात : रेल-ए, रेल-बी, सी-रेल, पी५० आणि पी५२. ती जोडीने काम करतात. सर्वांत परिचित जोडी रेल-ए आणि पी५० यांची. आय-कॅपा-बी या जोडीला बिलगून तिचा केंद्रकाकडे जाण्याचा मार्ग रोखते.

अर्बुदनाशक घटक म्हणजे टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ ही दाहकारक प्रथिने किंवा जिवाणूंचे अंश पेशीवरील आपापल्या ग्राहींना चिकटले की पेशीद्रवातील आयकेके हे विकर (एन्झाइम) जागे होते. १९९६ ते १९९८ या काळात त्याचे तीन घटक ओळखले गेले : आल्फा आणि बीटा ही प्रत्यक्ष काम करणारी विकरे आणि नेमो हे त्यांना एकत्र धरणारे प्रथिन. आयकेके हे आय-कॅपा-बी-आल्फाच्या साखळीतील ३२ आणि ३६ क्रमांकांच्या सेरीन या अमिनो आम्लांना फॉस्फेट जोडते. फॉस्फेट जोडले जाताच त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची शृंखला चढते आणि प्रोटिएसोम हे पेशीतील प्रथिनभंजक यंत्र आय-कॅपा-बीचे तुकडे करते. मोकळी झालेली जोडी केंद्रकात जाते. हे सारे काही मिनिटांत घडते.

याखेरीज रेल-बी आणि पी५२ यांचा एक पर्यायी, संथ मार्गही आहे. तो तासांच्या गतीने चालतो आणि लसीका ग्रंथींच्या जडणघडणीत उपयोगी पडतो.

नेमोचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते पूर्ण निकामी झाल्यास मुलगा बहुधा जन्मापूर्वीच दगावतो, आणि मुलींना इनकॉन्टिनेन्शिया पिगमेन्टी हा त्वचारोग होतो. रेल-ए नसलेले उंदरांचे भ्रूणही यकृतातील पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्यामुळे जन्मापूर्वीच मरतात. टीएनएफचा संदेश पेशीला जगण्याकडे नेतो तसा मरणाकडेही नेऊ शकतो, आणि एनएफ-कॅपा-बी तिला जगवते, हे या प्रयोगांतून कळले. कर्करोगाच्या संदर्भात हा मुद्दा कळीचा आहे.

संकेत बंद होणे

केंद्रकात गेलेले एनएफ-कॅपा-बी ज्या जनुकांचे वाचन सर्वांत आधी सुरू करते त्यांत आय-कॅपा-बी-आल्फाचे जनुकही असते. नव्याने बनलेले हे प्रथिन केंद्रकात शिरते, एनएफ-कॅपा-बीला डीएनएवरून सोडवते आणि पेशीद्रवात परत आणते. पेशीवर टीएनएफ टाकून दर काही मिनिटांनी नमुने घेऊन वेस्टर्न ब्लॉट (विशिष्ट प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला, तर साधारण पंधराव्या मिनिटाला आय-कॅपा-बी-आल्फाची पट्टी नाहीशी झालेली आणि तासाभरात परत आलेली दिसते. संकेतनावर काम करणारे विद्यार्थी सुरुवातीला शिकतात त्या प्रयोगांपैकी हा एक. तो पहिल्यांदा नीट जमतो तेव्हा पेशीची स्वतःला आवरण्याची शक्ती डोळ्यांना दिसते.

२००२ मध्ये अलेक्झांडर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी या परतफेरीचे गणिती प्रारूप मांडले. फक्त पाच मिनिटे टीएनएफ दिले तरी एनएफ-कॅपा-बी सुमारे तासभर सक्रिय राहते, असे त्यांना आढळले. काही जनुकांना जागे व्हायला एवढा वेळ पुरतो. काहींना संकेत बराच काळ टिकून राहावा लागतो. दोन वर्षांनी चमकत्या प्रथिनाला जोडलेले रेल-ए जिवंत पेशीत पाहता आले, आणि ते साधारण १०० मिनिटांच्या अंतराने केंद्रकात आत-बाहेर करताना दिसले. संकेत किती वेळ आणि कोणत्या लयीत चालतो यावरही त्याचा अर्थ ठरतो, ही समज यातून आली.

आवर घालणारे दुसरे प्रथिन ए२०. ते आयकेकेच्या वरच्या टप्प्यांवरील युबिक्विटिनच्या शृंखलांमध्ये फेरफार करून संकेत शमवते. ए२० नसलेली उंदराची पिल्ले जन्मानंतर थोड्याच काळात सर्वांगीण दाहाने मरतात. माणसात या जनुकाची एक प्रत निकामी असली तर लहानपणापासून तोंडात आणि जननेंद्रियांवर व्रण, ताप आणि सांधेदुखी असा विकार होतो. त्याची ओळख २०१६ मध्ये पटली. काही लसीकार्बुदांतही (लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगांत) ए२०चे जनुक नष्ट झालेले सापडते. एकच ब्रेक निकामी झाला तर एका रुग्णात दाह आणि दुसऱ्यात कर्करोग होतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दाहापासून कर्करोगाकडे

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच कर्करोगाच्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहून कर्करोग दीर्घकालीन दाहाच्या जागी उद्भवतो असे सुचवले होते. यामागील यंत्रणा सापडायला मात्र शतकाहून अधिक काळ गेला. १९९० मध्ये पी५०च्या जनुकाचा क्रम उलगडला, तेव्हा ते टर्की पक्ष्यांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या व्ही-रेल या जनुकाशी नाते सांगणारे निघाले. फळमाशीच्या भ्रूणाची पाठ-पोट दिशा ठरवणारे डॉर्सल हे प्रथिनही त्याच कुळातले.

निर्णायक पुरावा २००४ मध्ये आला. सॅन दिएगो येथील मायकल कॅरिन यांच्या गटाने उंदरांना अ‍ॅझॉक्सिमिथेन हे कर्ककारक टोचले आणि पिण्याच्या पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट देऊन मोठ्या आतड्याचा दाह घडवला. अशा उंदरांना आतड्यात गाठी येतात. मग त्यांनी आयकेके-बीटाचे जनुक एकेका प्रकारच्या पेशींतून काढून टाकले. आतड्याच्या अस्तरातील पेशींतून ते काढले तेव्हा दाह कमी झाला नाही, पण गाठींचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. डीएनए बिघडलेल्या पेशी आता जगत नव्हत्या, मरत होत्या. महाभक्षी पेशींच्या (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या) वंशातून काढले तेव्हा गाठी कमी झाल्या आणि आकारानेही लहान राहिल्या, कारण या पेशींकडून गाठीला मिळणारी इंटरल्युकिन-६ सारखी वाढीची खुराकी आटली. एकच विकर दोन पेशींत दोन वेगळ्या वाटांनी कर्करोगाला हातभार लावत होते. त्याच वर्षी जेरुसलेमच्या संशोधकांनी यकृतदाहाने ग्रस्त उंदरांत पाहिले की पहिल्या काही महिन्यांत एनएफ-कॅपा-बी दाबून काही फरक पडत नाही; नंतरच्या टप्प्यात दाबल्यास मात्र गाठ पुढे सरकत नाही.

पुढच्याच वर्षी कॅरिन यांच्याच प्रयोगशाळेतून याच्या उलट निष्कर्ष आला. यकृतपेशींतील आयकेके-बीटा काढून उंदरांना डायएथिलनायट्रोसअमाइन हे कर्ककारक दिले, तर यकृताचा कर्करोग वाढला. संरक्षण गेल्याने अधिक पेशी मेल्या, त्यांची जागा भरायला उरलेल्या पेशी वेगाने विभागल्या आणि त्या धांदलीत बिघडलेल्या पेशींची संख्या वाढली. त्वचेतही हा मार्ग दाबल्यास कर्करोग होऊ शकतो. ‘एनएफ-कॅपा-बी कर्करोग घडवते’ असे सरसकट विधान म्हणून टिकत नाही. कोणत्या अवयवात, कोणत्या पेशीत आणि रोगाच्या कोणत्या टप्प्यावर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

माणसात या मार्गाचा थेट बिघाड रक्ताच्या कर्करोगांत जास्त दिसतो. मल्टिपल मायलोमा या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांत त्याच्या घटकांची उत्परिवर्तने आहेत, हे २००७ मध्ये दोन गटांनी दाखवले. मोठ्या बी पेशींच्या लसीकार्बुदाच्या एका आक्रमक प्रकारात तर गाठीच्या पेशी या संकेताशिवाय जगू शकत नाहीत. जठरातील माल्ट लसीकार्बुद या बाबतीत फार शिकवून जाते. ते हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे वर्षानुवर्षे टिकलेल्या दाहातून उद्भवते, आणि सुरुवातीच्या टप्प्यात निव्वळ प्रतिजैविकांनी जंतू नष्ट केल्यावर बहुतेक रुग्णांत गाठ विरघळते, हे १९९३ पासून माहीत आहे. काही रुग्णांत मात्र गुणसूत्रांच्या अदलाबदलीने असे एक जोडप्रथिन तयार झालेले असते जे जंतूशिवायही एनएफ-कॅपा-बी चालू ठेवते. अशा गाठी प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाहीत. बाहेरून येणारा संकेत पेशीच्या आत कायमचा बसला, की उपचाराची ती खिडकी बंद होते.

महाराष्ट्रात तंबाखू आणि सुपारीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न गंभीर आहे. या गाठींच्या ऊतींतही हा मार्ग सक्रिय आढळतो; पण तेवढ्यावरून तो रोगाचे कारण ठरत नाही. कारण ठरवायला वर सांगितल्यासारखे जनुक काढून टाकण्याचे प्रयोग लागतात. नवी मुंबईतील खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक ही टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आणि पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या संस्थांत कर्करोगातील पेशी-संकेतनावर संशोधन चालते.

औषधे

जुनी दाहशामक औषधे या मार्गावरही काम करतात हे मागाहून कळले. अ‍ॅस्पिरिन एनएफ-कॅपा-बी रोखते असे १९९४ मध्ये येल विद्यापीठातील एलिझाबेथ कॉप आणि शंकर घोष यांनी दाखवले, मात्र त्यासाठी मोठी मात्रा लागते. स्टेरॉइडांच्या परिणामाचाही एक भाग याच मार्गातून येतो. नेमका नेम धरून बनवलेली औषधे म्हणजे टीएनएफला अडवणारी इन्फ्लिक्सिमॅब आणि एटानरसेप्ट. दोन्हींना अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि संधिवात व क्रोन विकार या आतड्याच्या दाहविकाराचे उपचार बदलून गेले. टीएनएफ क्षयाच्या जंतूंना रोगप्रतिकारक पेशींच्या गाठींमध्ये कोंडून ठेवायला मदत करते, म्हणून ही औषधे सुरू झाल्यावर सुप्त क्षय उफाळू शकतो. भारतात क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असल्याने औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात.

प्रोटिएसोम रोखणारे बोर्टेझोमिब २००३ पासून मायलोमावर वापरात आहे. आय-कॅपा-बी वाचवून ते काम करत असेल अशी सुरुवातीची अपेक्षा होती. पुढे असे दिसले की प्रतिपिंडे ओतणाऱ्या मायलोमा पेशींत मोडीत न निघालेल्या प्रथिनांचा ढीग साचणे हेही तितकेच घातक ठरते. आयकेके-बीटावरच नेम धरणारी औषधे मात्र दवाखान्यापर्यंत पोहोचली नाहीत. ज्या संकेताने संसर्गाशी लढायचे तोच सर्वत्र बंद केल्यास काय होते हे उंदरांत दिसले : संसर्गाचा धोका तर वाढलाच, शिवाय इंटरल्युकिन-१-बीटाचे प्रमाणही वाढले.

२०१७ च्या कॅन्टोस या चाचणीने मोठी आशा जागवली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर ती झाली. इंटरल्युकिन-१-बीटाला अडवणारे कॅनाकिनुमॅब घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. मात्र कर्करोग आधीच झालेल्या रुग्णांवरील पुढील चाचण्यांत त्याच औषधाचा अपेक्षित उपयोग झाला नाही.

हळदीतील कर्क्युमिनचा उल्लेख इथे करणे भाग आहे. पेशींच्या संवर्धनात कर्क्युमिन एनएफ-कॅपा-बी रोखते, असे १९९५ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने लिहिले आणि त्यावर हजारो निबंध निघाले. त्या मूळ गटाचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले. २०१७ मध्ये औषधरसायनतज्ज्ञांनी घेतलेल्या सविस्तर आढाव्यानुसार हे संयुग अस्थिर आहे, आतड्यातून रक्तात अत्यल्प पोहोचते आणि अनेक प्रथिनांशी वाटेल तसे गुंतून प्रयोगशाळेतील चाचण्यांचे निकाल फसवे करते. स्वयंपाकातील हळदीला यातून कोणताही दोष लागत नाही. कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या कोणत्याही कर्करोगावरील मान्य उपचार नाहीत, आणि अशा पूरकांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने त्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.