मालक आला की उठायचं: काँडरची पार्श्वभूमी

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या दोन डिटेक्टरना गुरुत्वीय लहर (अवकाशातूनच पसरणारी हलकी थरथर) सापडली, पुढच्या फेब्रुवारीत जाहीर झालं, तेव्हा पेपरात लेझर, आरसे, आईन्स्टाईन सगळं आलं. पण एवढा डेटा चाळला कुठल्या मशीनवर, हे कोणी फारसं विचारलं नाही. त्यामागे काँडर नावाचं, रिकामी मशीन शोधून त्यांच्यावर कामं पळवणारं सॉफ्टवेअर होतं, त्याचा माग काढत गेलं की आपण थेट ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकेतल्या मॅडिसन गावात पोचतो, विस्कॉन्सिन विद्यापीठात.

काँडरमागचे मिरॉन लिव्हनी मूळचे इस्रायलचे. तिकडे वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: चार कॉम्प्युटर आहेत, एकापुढे कामांची रांग लागलीय आणि शेजारचा नुसता बसलाय, असं किती वेळा होतं? बँकेत एका काउंटरवर वीस माणसं आणि बाजूचा क्लार्क चहा पितोय, तसलंच. १९८३ ला ते मॅडिसनला आले आणि तिथे वर्कस्टेशनं नुकतीच प्रत्येकाच्या टेबलावर यायला लागली होती, म्हणजे रात्री आणि सुट्टीत सगळी रिकामी.

यातून काँडर निघालं. १९८८ च्या पेपरचं नावच 'रिकाम्या वर्कस्टेशनांचा शिकारी' अशा अर्थाचं आहे, त्यात लिट्झको आणि मुटका हे सहलेखक, आणि मोजमाप फक्त २३ मशीनचं, तेही एक महिन्याचं. काँडर म्हणजे तिकडचं मोठं गिधाड, त्यामुळे नाव चपखलच म्हणायचं.

आता यातली खरी मेख. मशीन रिकामं शोधणं सोपं, पण मालक परत आला तर? रिझर्व्हेशनच्या डब्यात रिकाम्या सीटवर बसलेला माणूस जसा ती सीट ज्याची आहे तो आल्यावर मुकाट उठतो, तसं काँडरचं काम उठायचं. मात्र उठताना वही तिथेच टाकून जायचं नाही, कुठवर आलो ते सगळं लिहून घ्यायचं (याला चेकपॉइंट म्हणतात), दुसरी जागा मिळाली की तिथून पुढे सुरू. शिवाय फाइल वाचायची-लिहायची झाली तर ती विनंती, ज्या मशीनवरून काम पाठवलं तिकडे परत जायची, तिथे एक 'शॅडो' प्रोसेस बसलेली असायची. म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहायचं पण त्याच्या कपाटाला हात नाही लावायचा. मला वाटतं काँडर टिकलं ते या सभ्यपणामुळे, नाहीतर मालकांनी दोन दिवसांत बंद केलं असतं.

पुढे लिव्हनींनी 'हाय थ्रूपुट कॉम्प्युटिंग' हा शब्द रूढ केला. सुपरकॉम्प्युटरवाले सेकंदाला किती गणितं ते सांगतात, लिव्हनींचं म्हणणं शास्त्रज्ञाला वर्षाअखेर किती गणितं पदरात पडली ते सांगा, आणि सेकंदाच्या आकड्याला वर्षातल्या सेकंदांनी गुणलं की ते उत्तर येत नाही कारण मशीन बंद पडतात, नेटवर्क जातं, कोणीतरी वायर काढतं. नव्वदच्या दशकात क्लासअॅड आले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या छोट्या जाहिराती, काम सांगणार मला एवढी मेमरी पाहिजे, मशीन सांगणार माझ्याकडे एवढी आहे पण रात्रीच, आणि मधला मॅचमेकर जोड्या लावणार. वधूवर सूचक मंडळच की!

२०१२ मध्ये ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे नाव एचटीकाँडर करावं लागलं, बाकी गाडी तशीच चालू.

लायगोला काँडर इतकं का जमलं, तर शोधायची पद्धतच तशी. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना लहर कशी दिसेल याचे आधी गणिताने नमुने करायचे आणि प्रत्येक नमुना डेटावर ठेवून बघायचा, २०१५ च्या शोधात असे साधारण अडीच लाख नमुने होते. एकाचं दुसऱ्यावाचून काही अडत नाही, त्यामुळे हवे तेवढे तुकडे करा आणि जिथे जागा मिळेल तिथे पळवा. हे नमुने कसे आणि किती जवळजवळ निवडायचे यावर १९९१ पासूनचं पायाभूत काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचं आहे, हे आपल्याकडेही कमी जणांना माहीत असतं. आयुकामध्ये लायगोच्या डेटासाठी स्वतःचा क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक कॉम्प्युटर) आहे, नाव 'सारथी'. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहायचंय, त्याला केंद्राची अंतिम मंजुरी २०२३ ला मिळाली. ते सुरू झालं की लायगोच्या या तिसऱ्या डिटेक्टरचा डेटाही याच चाळणीतून जाणार.