गुडघा एकच, दिसतं मात्र निराळं

“व्हिडिओ आहे ना? मग वाद कसला?” असं आपण सहज बोलून जातो. कॅमेऱ्याने टिपलेलं सगळ्यांना सारखंच दिसतं, ही आपली भाबडी समजूत.

2016 मध्ये कॉलिन केपर्निक हा ‘अमेरिकन फुटबॉल’ या धक्काबुक्कीच्या खेळातला खेळाडू कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहू लागला. नेट बॉयर या माजी सैनिकाने त्याला सुचवलं, की बसण्यापेक्षा गुडघा टेक. सैनिकही मृत साथीदाराच्या थडग्यापुढे गुडघा टेकतात. 1 सप्टेंबरला केपर्निकने तसं केलं. सैनिकाने सुचवलेल्या या मुद्रेत असंख्य लोकांना सैनिकांचाच अपमान दिसला. 2017 च्या मार्चनंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही.

‘दिसला’ हे क्रियापद मुद्दाम वापरलंय. त्यासाठी माझ्या अत्यंत आवडत्या प्रयोगाकडे जाऊ.

1951 च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन विद्यापीठांमध्ये याच फुटबॉलचा धसमुसळा सामना झाला. एकाचं नाक मोडलं, दुसऱ्याचा पाय. हॅस्टॉर्फ आणि कॅंट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या चुका दोघांनाही सरासरी चारच्या आसपास दिसल्या. डार्टमथच्या मात्र डार्टमथवाल्यांना 4.3 आणि प्रिन्स्टनवाल्यांना 9.8! डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याने तर फिल्म पाहून तार केली, की महत्त्वाचा भाग कापलेला दिसतोय, तो पाठवून द्या. कापलेलं काहीच नव्हतं.

असं का होतं? धक्का पडद्यावर दिसतो, हेतू दिसत नाही. नियमभंग ठरवायला हेतू लागतो, आणि तो मेंदू आपल्या पदरचा घालतो. इथे संकेत-शोध सिद्धांत कामी येतो. त्यात दोन राशी असतात: खरा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याची संवेदनक्षमता, आणि ‘हो, आहे’ म्हणण्यासाठी लागणारा पुरावा, म्हणजे निकष. निकष सैल केला की अचूक पकडी वाढतात आणि खोटे इशारेही. दोन्हींचं प्रमाण ठाऊक असेल तरच नजर बदलली की निकष, हे सांगता येतं. फुटबॉलच्या फिल्मला ‘खरं उत्तर’च नव्हतं, त्यामुळे तिथे ही फोड करता येत नाही.

2012 मध्ये डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ निदर्शनांवर केला. व्हिडिओ एकच. निम्म्यांना सांगितलं, की हे गर्भपात केंद्राबाहेरचे निदर्शक. उरलेल्यांना, की सैन्यभरती केंद्राबाहेरचे. निदर्शकांनी लोकांची वाट अडवली का, या साध्या प्रश्नाचं उत्तरही बघणाऱ्याच्या विचारसरणीनुसार आणि सांगितलेल्या ठिकाणानुसार बदललं.

आता यावर कुणी मेंदूच्या स्कॅनचं रंगीत चित्र टाकून ‘देशभक्तीचं केंद्र सापडलं’ म्हणालं, तर खुशाल पुढे सरका. असं केंद्रबिंद्र काही नसतं.

1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकची फिल्म आजही तीच आहे: 200 मीटरच्या विजयमंचावर अमेरिकेच्या टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांच्या, वर्णभेदाच्या निषेधार्थ उंचावलेल्या, काळ्या हातमोज्यातल्या मुठी. तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि दोघांना स्पर्धेतून घालवण्यात आलं. 2005 मध्ये त्यांच्याच सॅन होजे विद्यापीठात दोघांचा पुतळा उभा राहिला. त्यांना साथ देणाऱ्या पीटर नॉर्मनची, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची, जागा तिथे रिकामी ठेवली आहे. तिथे कुणीही चढून उभं राहू शकतं.