उन्हाचं धोरण आणि उष्णतेचं धोरण: शाळेला दोन्ही वेगवेगळी का लागतात

पुष्कळ शाळांच्या आणि बालवाड्यांच्या नियमावलीत उन्हाबद्दल एकच परिच्छेद असतो. टोपी घाला, पाणी प्या, सनस्क्रीन लावा, पारा चढला की मुलांना वर्गात घ्या. वाचताना काही खटकत नाही. पण यात दोन निराळे धोके एकत्र कोंबलेले असतात, आणि मग काही दिवशी मुलांना जपायची खरी गरज असतानाच हा परिच्छेद काही सांगत नाही.

पहिला धोका उष्णतेचा. हवा तापते, शरीर घामावाटे थंड राहायचा प्रयत्न करतं, पण हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि आतली उष्णता आतच साठते. म्हणून नुसतं तापमान पाहून भागत नाही, दमटपणाही पाहावा लागतो. या धोक्याला सूर्य समोर असायलाच हवा असंही नाही. पत्र्याच्या छताखालच्या बंद वर्गात दुपारी चार वाजता मूल उष्णतेने आजारी पडू शकतं.

दुसरा धोका अतिनील किरणांचा. हे किरण दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत. उन्हाची ऊब त्यांची नसतेच. ती मुख्यतः अवरक्त किरणांची आणि दृश्य प्रकाशाची. त्यामुळे थर्मामीटर कितीही निरखला तरी अतिनील मारा किती आहे हे कळत नाही. त्यासाठी यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील माऱ्याची तीव्रता सांगणारा आकडा, पाहावा लागतो. तो १९९२ मध्ये कॅनडात सुरू झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार तो ३ किंवा त्याहून जास्त असला की संरक्षण हवं. गार वारा सुटलेला, विरळ ढग असलेला दिवस असला तरी हा आकडा ३ च्या बराच वर असू शकतो, कारण विरळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खाली पोहोचतात. उंचावरच्या शाळांना तर आणखी सावध राहायला हवं. दर हजार मीटरला हवा थंड होत जाते आणि अतिनील मारा सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हे स्पष्ट दिसतं. तिथल्या शाळांना आणि बालसंगोपन केंद्रांना ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत टोपी आणि सनस्क्रीनचा नियम पाळायला सांगतात. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो, मुलं स्वेटर घालून खेळत असतात, आणि तरीही टोपी लागते. उलट मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत इंडेक्स बहुतेक ३ च्या खाली राहतो, तेव्हा सहसा टोपीची सक्ती नसते. थोडं ऊन अंगावर घेणं ‘ड’ जीवनसत्त्वासाठी चांगलंच. बारा महिने टोपीची सक्ती करण्यापेक्षा हा नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

दोन्हींचं घड्याळही वेगळं चालतं. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरणांना हवेचा कमीत कमी थर ओलांडावा लागतो, म्हणून अतिनील मारा माध्यान्हीला सर्वांत तीव्र असतो. जमीन आणि हवा तापायला मात्र वेळ लागतो. पारा त्यानंतर दोन-तीन तासांनी शिखर गाठतो. आता समजा, एखाद्या शाळेने उकाडा टाळायला तीनचा खेळाचा तास साडेअकराला आणला. उष्णतेच्या दृष्टीने बदल योग्यच, पण मुलं आता अतिनील माऱ्याच्या ऐन भरात मैदानावर उभी आहेत. वेळापत्रक ठरवणाऱ्याच्या हाती एकच नियम असला की असं होतं.

गोंधळ इतका पक्का का बसतो, याचं कारण मला नुकसान दिसण्याच्या वेळेत सापडतं. उष्णतेचा त्रास शिक्षकांच्या डोळ्यांसमोर होतो. मूल चिडचिडं होतं, डोकं दुखतं म्हणतं, उलटी करतं. ते बरळू लागलं किंवा झोकांड्या खाऊ लागलं तर तो उष्माघात समजून लगेच अंग गार करायला घ्यायचं आणि डॉक्टरी मदत बोलवायची. अतिनील किरणांनी भाजलेली त्वचा मात्र काही तासांनी लाल होते. तोवर शाळा सुटलेली असते. रात्री आंघोळीच्या वेळी मानेवरची आग आई-वडिलांना दिसते, शिक्षकांना कधीच नाही. त्वचेच्या कर्करोगासारखे परिणाम तर काही दशकांनी दिसतात. गडद त्वचेला भाजण्याचा धोका कमी असतो हे खरं, पण डोळ्यांना तशी सूट नाही.

साधनंही अदलाबदल करून चालत नाहीत. सनस्क्रीन उष्माघात रोखत नाही. पाणी त्वचा भाजण्यापासून वाचवत नाही. बेसबॉल टोपीने कान आणि मान उघडीच राहते, त्यामुळे सगळीकडून रुंद काठाची टोपी हवी. सनस्क्रीन बाहेर जाण्याआधी वीस मिनिटं लावून दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि कानांच्या पाळ्या नि पावलांचा वरचा भाग विसरायचा नाही. घाईत नेमके तेच राहतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी भर सनस्क्रीनवर नको, त्यांना थेट उन्हात न नेण्यावर हवा. घसरगुंडी आणि रबरी फरशी तापली आहे का, हे मुलांना सोडण्याआधी हात लावून पाहणं उष्णतेच्या धोरणात बसतं.

सावली दोन्हीकडे कामाची, पण ती सरकते. सकाळी नऊला झाडाखाली असलेला वाळूचा खड्डा बाराला उघड्यावर येतो, म्हणून सावलीची पाहणी मधल्या सुट्टीच्या वेळी करावी.

कधी दोन्ही धोरणं एकमेकांच्या आड येतात. एक म्हणतं अंग झाका, दुसरं म्हणतं कपडे हलके ठेवा. सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा बहुतेक वेळा दोघांनाही पुरतो. तोही पुरेनासा झाला तर उष्णतेचा नियम आधी पाळावा आणि मुलांना आतल्या थंड जागी न्यावं, कारण उष्माघात काही तासांत जीव घेऊ शकतो.