जादुई तटबंदी (फँटसी रोलप्लेइंग खेळ)

टेबलाभोवती बसून खेळायच्या फँटसी रोलप्लेइंग खेळांत मंत्राने उभारलेल्या किंवा मंत्राने बळकट केलेल्या किल्ल्याच्या तटाला जादुई तटबंदी म्हणतात. हा तट चौकटीच्या वहीत आखला जातो. त्याची जाडी, ताकद आणि किंमत नियमपुस्तकातल्या कोष्टकांवरून काढतात, आणि वाद झालाच तर खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचा (डीएमचा) शब्द शेवटचा. या नोंदीतले बहुतेक आकडे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीचे, म्हणजे २००३ साली सुधारलेल्या ३.५ नियमांचे आहेत. बांधकामाचा आणि जादूचा हिशेब या नियमांत बराच बारीक आहे. चलन सोन्याची मोहर. एका मोहरेची चांदीची दहा नाणी.

पूर्वपीठिका

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ काढला तेव्हाच तिसऱ्या पुस्तिकेत किल्ल्याच्या बांधकामाचे दर दिलेले होते. खेळाचे मूळ सैन्यांच्या युद्धखेळांत होते. साहसी वीर नवव्या लेव्हलच्या (अनुभवाने वाढणाऱ्या दर्जाच्या) आसपास पोहोचला की त्याने जमीन साफ करून गढी बांधावी आणि जहागीरदार व्हावे अशी कल्पना होती. १९८१ च्या 'एक्स्पर्ट' नियमांत १०० फूट लांब आणि २० फूट उंच तटाला ५,००० मोहरा, तर तेवढ्याच लांबीच्या खंदकाला ४०० मोहरा पडत. हे दर गवंड्याचे होते. त्याच पुस्तकात दगड हवेतून काढणारे मांत्रिक होते, पण दरपत्रक आणि मंत्रांची यादी एकमेकांशी बोलत नव्हती. पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

दगडाची ताकद

३.५ नियमांत भिंतीच्या दर १० बाय १० फुटांच्या तुकड्याला टणकपणा आणि हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) असतात. प्रत्येक घावातून आधी टणकपणा वजा होतो, उरलेला मार हिट पॉइंटातून जातो. एक फूट जाडीच्या साध्या चिरेबंदी भिंतीला टणकपणा ८ आणि हिट पॉइंट ९०. आत लोखंडी सळया घातलेल्या भिंतीला १८०. तीन फूट जाडीच्या कोरीव खडकाला ५४०. भिंतीवर जादूचा संस्कार केला की टणकपणा आणि हिट पॉइंट दोन्ही दुप्पट होतात.

ही 'दुप्पट' फसवी आहे. शत्रूकडे मोठे कॅटापल्ट आहे असे धरू. त्याचा मार सहा फाशांचा, सरासरी २१. सळयांच्या साध्या भिंतीवर त्यातले ८ वजा जाऊन १३ लागू होतात, म्हणजे चौदा दगडांत खिंडार. संस्कार केलेल्या भिंतीवर १६ वजा होतात, हाती जेमतेम पाच उरतात आणि फोडायचे असतात ३६० हिट पॉइंट. दगडांची गरज सत्तरच्या घरात जाते. दुपटीच्या भावात पाचपट भिंत मिळाली. खरी कमाई टणकपणाची असते, हिट पॉइंटांची नव्हे, हे नवख्या डीएमच्या सहसा लक्षात येत नाही आणि वेढा चार सत्रे रेंगाळतो.

फुकटचा दगड

'वॉल ऑफ स्टोन' हा पाचव्या पातळीचा मंत्र आहे (पातळी मंत्राची, लेव्हल मांत्रिकाची). त्याचा परिणाम तात्काळ आणि कायमचा असतो. उभा राहिलेला दगड मग खराखुरा दगडच, तो जादू उतरवून नाहीसा करता येत नाही. बाराव्या लेव्हलचा मांत्रिक एका मंत्रात तीन इंच जाड आणि ३०० चौरस फूट पसरलेली भिंत काढतो, म्हणजे ७५ घनफूट दगड.

आता १०० फूट लांब, २० फूट उंच आणि १० फूट जाड तट घ्या: २०,००० घनफूट. भरीव दगडाचा करायचा तर २६७ मंत्र लागतील. मांत्रिक भाड्याने आणला तर दर मंत्राला त्याची लेव्हल गुणिले मंत्राची पातळी गुणिले १०, म्हणजे ६०० मोहरा. एकूण एक लाख साठ हजार. हा आकडा पाहून बरेच जण जादूचा नाद सोडतात. पण भरीव तट हवाय कुणाला? खरे तटही बहुधा तसे नसतात: आत-बाहेर घडीव दगडाच्या दोन भिंती आणि मधल्या पोटात दगडगोटे, माती, चुना. तीच युक्ती इथे केली तर दोन्ही अंगांची मिळून ४,००० चौरस फूट कातडी लागते, मंत्र चौदा आणि खर्च ८,४०० मोहरा. भर घालायला पाट्या वाहणारे मजूर आहेतच, रोजी चांदीचे एक नाणे. मांत्रिक घरचाच असेल तर मंत्रांचे पैसेही वाचतात, फक्त त्याचे चार-पाच दिवस जातात.

अट एकच: ही भिंत आधीच्या दगडात मिसळली पाहिजे आणि त्यावर भक्कम टेकली पाहिजे. मऊ मातीच्या सपाटीवर मंत्र चालत नाही, कातळ लागतो. सह्याद्रीतले गड पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. जिथे कडा तासून सरळ करता आला तिथे तिथल्या लोकांनी कड्यालाच तट मानले आणि फक्त उणी जागा बांधून काढली.

लोखंडाचा घोटाळा

सहाव्या पातळीच्या 'वॉल ऑफ आयर्न'ला ५० मोहरांची सोन्याची पूड लागते. बाराव्या लेव्हलला त्यातून तीन इंच जाड, ३०० चौरस फूट लोखंडी भिंत मिळते. लोखंड घनफुटाला साधारण ४९० पौंड भरते. म्हणजे भिंतीचे वजन ३६,७५० पौंड. नियमपुस्तकातला लोखंडाचा भाव पौंडाला चांदीचे एक नाणे. भिंत भंगारात घातली की ३,६७५ मोहरा. मांत्रिकाची ७२० मोहरा बिदागी आणि सोन्याची पूड धरूनही एका सकाळी २,९०० मोहरांचा नफा. गणित बरे असलेला एखादा खेळाडू कधी ना कधी हे शोधतोच, वहीतून मान वर करतो आणि विचारतो, "गावात लोहार किती आहेत?" ३.५ नियमांवरूनच बेतलेल्या आणि २००९ साली आलेल्या 'पाथफाइंडर' या खेळाने याच मंत्राच्या वर्णनात वाक्य घातले की हे लोखंड दुसऱ्या वस्तू घडवायला चालत नाही आणि विकताही येत नाही. दार बंद झाले खरे, पण विकता न येणारे लोखंड म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मिळाले नाही. डीएमने 'इतके लोखंड बाजारात आले तर भाव पडेल' एवढे म्हटले तरी पुरते, आणि ते जास्त पटते.

तट अडवतो कुणाला

किंमत ठरवताना बहुतेक जण दगडापासून सुरुवात करतात. सुरुवात हल्ल्यापासून करावी. या जगातल्या वेढ्यात शिड्या आणि धडका हा सर्वांत किरकोळ धोका असतो. 'पासवॉल' मंत्र नवव्या लेव्हलला दगडातून दहा फूट खोल वाट काढतो, बाराव्याला पंधरा, आणि जास्तीत जास्त पंचवीस. 'डिसइंटिग्रेट' एका फटक्यात दहा फुटी घन पुसून टाकतो. पुस्तकातल्या किल्ल्याचा तट बरोब्बर दहा फूट जाड असतो, म्हणजे या दोन्ही मंत्रांना हवा तेवढाच. अकरा फुटांचा तट बांधला तर एक 'डिसइंटिग्रेट' पुरत नाही, आणि नवव्या लेव्हलच्या 'पासवॉल'मधून वाटेऐवजी नुसता कोनाडा मिळतो.

त्याहून स्वस्त उपाय तटाच्या पोटात आहे. 'पासवॉल' लाकूड, गिलावा आणि दगड यांतून जातो, धातूतून जात नाही. दोन कातड्यांच्या मधल्या भरावात लोखंडी पत्र्याचा एक थर उभा केला की हा मंत्र तिथे थांबला. शिशाच्या पत्र्याने दूरवरचे पाहण्याचा मंत्र 'क्लेअरव्हॉयन्स' अडतो. तो तटात घालण्यापेक्षा खलबतखान्याच्या छताला आणि दारांना लावावा. (मालवणजवळच्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतले होते हे वाचून काही मराठी खेळाडूंना आनंद होतो. त्या शिशाचा शत्रू समुद्राची लाट होता, मांत्रिक नव्हे.)

तट ओलांडून थेट आत प्रकटणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी सहाव्या पातळीचा पुरोहित-मंत्र 'फॉरबिडन्स' आहे. तो कायमचा असतो आणि टेलिपोर्ट, डायमेन्शन डोअर, सूक्ष्मरूपाने भिंतीतून शिरणे, बाहेरचे प्राणी आवाहन करणे हे सारे बंद करतो. साहित्याचा खर्च १,५०० मोहरा, अधिक दर ६० फुटी घनामागे १,५००. १८० फूट लांब-रुंद आणि ६० फूट उंच किल्ल्याचे नऊ घन होतात: १५,००० मोहरा. अकराव्या लेव्हलच्या पुरोहिताची दक्षिणा ६६०. पुस्तकात पूर्ण किल्ल्याची किंमत पाच लाख आहे. म्हणजे खरा उपयोगी तट, जो दिसतही नाही, दगडी तटाशेजारी चिल्लर ठरतो.

या मंत्रात परवलीच्या शब्दाची सोय असते. तिला आणखी १,००० आणि घनामागे १,०००, म्हणजे इथे दहा हजार. काटकसरी मालक हा खर्च टाळतात. मग ज्याची नैतिक बाजू पुरोहिताच्या बाजूशी जुळत नाही असा कुणीही आत पाऊल टाकताच निदान सहा फाशांचा मार खातो, सरासरी २१. बाहेरगावहून आणलेल्या आचाऱ्याला हिट पॉइंट असतात चार. परवलीचे पैसे भरावेत.

किमतीची सूत्रे

इमारतींचे दर ढोबळ आहेत: तीन मजली दगडी बुरूज ५०,०००, पंधरा ते पंचवीस खोल्यांची गढी दीड लाख, आणि त्या गढीभोवती १५ फूट उंच तट व चार बुरूज घातलेला किल्ला पाच लाख. पाचातून गढी आणि बुरूज वजा केले की तटाच्या वाट्याला दीड लाख उरतात. पुस्तकात ही फोड कुठेच दिलेली नाही, पण जादुई तटाचा भाव बांधायला हाच पाया धरणे सोयीचे.

त्यावर जादू चढवायची तर सतत चालणाऱ्या परिणामाचे सूत्र असे: मंत्राची पातळी गुणिले मांत्रिकाची लेव्हल गुणिले २,०००. तटावर चढणाऱ्यावर आगीचा गोळा टाकणारी योजना या हिशेबाने ३०,००० मोहरांना जाते. तीच योजना 'आपोआप पुन्हा सज्ज होणारा सापळा' म्हणून मांडली तर गुणक ५०० आणि किंमत ७,५००. परिणाम एकच, दुकाने दोन. खेळाडू स्वस्त दुकानात जाणार हे उघड आहे, म्हणून कुठले उघडे ठेवायचे हे डीएमने पहिली वीट चढण्याआधी सांगावे. जागचा न हलणारा तट खिशात घालून नेता येत नाही, तेव्हा सापळ्याचा दर मला जास्त रास्त वाटतो. पण मग पायरीगणिक जखमा बऱ्या करणारा सापळाही मागितला जाईल, त्याला ठाम नकार द्यावा लागतो.

तयार वस्तूंचे भावही शंकास्पद आहेत. 'इन्स्टंट फोर्ट्रेस' हा मुठीत मावणारा घन हुकूम दिला की २० फूट चौरस, ३० फूट उंच अ‍ॅडमंटाइनचा (एका काल्पनिक, अतिकठीण धातूचा) बुरूज होतो. टणकपणा २०, किंमत ५५,०००. साध्या दगडी बुरुजापेक्षा फक्त पाच हजार जास्त! इथे कुणाची तरी डुलकी लागली असावी. उलट 'लायर ऑफ बिल्डिंग' ही १३,००० मोहरांची वीणा आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवली की शंभर माणसांचे तीन दिवसांचे काम उरकते. मजुरीच्या भावाने ते काम होते ३० मोहरांचे. नुसत्या त्या अर्ध्या तासावर वीणेचे पैसे फिटायला आठ वर्षांहून जास्त लागतील. पण ती मजुरी वाचवायला कुणी घेत नाही. दारात सैन्य आले असताना रातोरात खंदक खणून होतो, आणि रोज एकदा तारा छेडून ३०० फुटांतल्या बांधकामावरचे हल्ले अर्धा तास निष्फळ करता येतात, त्याचे हे पैसे.

पाचवी आवृत्ती

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा पसारा आवरला. गढी किंवा छोटा किल्ला ५०,००० मोहरा आणि ४०० दिवस, विषय संपला. 'वॉल ऑफ स्टोन' दहा मिनिटे एकाग्रता टिकली तरच कायमची होते. २०१७ मध्ये आठव्या पातळीचा 'मायटी फोर्ट्रेस' आला: दर वेळी ५०० मोहरांचा हिरा खर्ची पडतो, गढी सात दिवस टिकते, आणि त्याच जागी वर्षभर दर सात दिवसांनी मंत्र म्हटला तर कायमची होते. बावन्न हिरे म्हणजे २६,००० मोहरा. गवंड्याच्या निम्म्या भावात आणि महिनाभर आधी. मात्र पंधराव्या लेव्हलचा मांत्रिक वर्षभर दर आठवड्याला त्याच ओट्यावर हजर राहायला हवा, आणि साहसी मांत्रिकाला ते जमणे कठीण.

आखणी

मराठीत खेळणाऱ्यांना एक फायदा आहे: तटाच्या अवयवांना शब्द तयार आहेत. वरची चालायची वाट ती फांजी, तिच्या बाहेरच्या अंगाचे दाते त्या चर्या, मारगिरीची तिरकी भोके त्या जंग्या. नकाशावर हे शब्द लिहिले की भिंत आपोआप वापरातली वाटू लागते. यातली सर्वांत कामाची चीज गोमुखी दरवाजा: दोन बुरुजांच्या कवेत वळण घेऊन जाणारी वाट, जिच्यात दार बाहेरून दिसतच नाही. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये आणि तोफेचा नेम दारावर धरता येऊ नये म्हणून ती केलेली. ३.५ मध्ये विजेचा मंत्र 'लाइटनिंग बोल्ट' १२० फूट जातो पण सरळ रेषेत, आणि 'डिसइंटिग्रेट'चा किरण सोडायला लक्ष्य दिसावे लागते. वहीत दोन चौकटींचे वळण काढले की दोघांनाही आधी बुरुजांच्या मधोमध, दोन्हीकडच्या जंग्यांच्या टप्प्यात येऊन उभे राहावे लागते. या वळणाला एकही मंत्र लागत नाही.