आवळायचं कधी, सोडायचं कधी

विरार किंवा कर्जतहून सकाळची लोकल धरणाऱ्या बायकांचं पाण्याचं गणित ठरलेलं असतं. निघताना लागली नसली तरी एकदा लघवीला जाऊन यायचं, वाटेत फार तर घोटभर पाणी प्यायचं आणि ऑफिस येईपर्यंत कळ काढायची. स्टेशनावरचं स्वच्छतागृह ज्याने आतून पाहिलंय तो त्यांना नावं ठेवणार नाही. लघवीसाठी बायकांनी पैसे मोजायचे आणि पुरुषांनी नाही, हे का, असं विचारत २०११ साली मुंबईतच ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. पण वर्षानुवर्षं असं ताटकळल्याचा भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर पडतो, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे मायलेकीसुद्धा बोलत नाहीत.

पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत या स्नायूंची झोळी बांधलेली असते. तिलाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने असतात. पुरुषांमध्येही ती असते, गर्भाशय तेवढं नसतं. एरवी दिवसभर हलकं आवळून राहायचं, खोकला-शिंक यायच्या क्षणभर आधी जोरात आवळायचं आणि लघवीला-शौचाला बसलं की पूर्ण सैल व्हायचं, असं तिचं काम. बिघाड यांपैकी कुठल्याही ठिकाणी होऊ शकतो.

सगळ्यांना ठाऊक असलेला बिघाड म्हणजे सैलपणा. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा काही भाग मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट ताणला जातो, सोबत तिथली नसही ताणली जाते. बहुतेकींचं बरंचसं भरून येतं, काहींचं येत नाही. त्यात वाढलेलं वजन, जुना खोकला, रोजचं कुंथणं आणि पाळी गेल्यानंतरची इस्ट्रोजेन या संप्रेरकाची घट यांची भर पडते. मग शिंकताना, हसताना, पाण्याचा हंडा उचलताना लघवी निसटते, किंवा ‘अंग बाहेर आल्यासारखं’ वाटतं. ‘दोन पोरं झाल्यावर एवढं चालायचंच’ हे यावरचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. ते चुकीचं आहे.

यावरचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड कीगल यांनी १९४८ साली मांडला. आज मोबाइलवर कुणीही ‘कीगल करा’ असं सांगतं, पण कीगल नुसतं ‘आवळा’ म्हणून थांबले नव्हते. ते बोटाने तपासून स्नायू नेमका कोणता ते बाईला दाखवत आणि दाब मोजणारं छोटं यंत्र देत, म्हणजे काटा हलला की आपण बरोबर करतोय हे तिला कळे. व्यायाम जगभर पोचला, ते मोजमाप मात्र मागे राहिलं. १९९१ साली अमेरिकेतच ४७ बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावून पाहिलं, तेव्हा जेमतेम निम्म्यांना तो नीट जमला. सुमारे पाव जणी तर असा जोर लावत होत्या की लघवी निसटण्याचा त्रास उलट वाढावा.

म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी तपासते. दिवसातून किती वेळा जाता, रात्री उठावं लागतं का, शिंकताना निसटते की दाराला चावी लावताना, बाळंतपणात चिमटा लावला होता का, शौचाला कुंथावं लागतं का, हे सगळं ती विचारते. मग तुमची संमती घेऊन, हातमोजा घालून एका बोटाने आतून तपासणी. ‘आवळा’ म्हटल्यावर बोटाभोवती पकड येते का आणि किती सेकंद टिकते, आणि ‘सोडा’ म्हटल्यावर ती खरंच सुटते का, हे ती पाहते. कित्येकींचं पोट आत जातं, नितंब घट्ट होतात, श्वास कोंडतो आणि जे हलायला हवं ते जागचं हलत नाही. आतली तपासणी नको असेल तर तसं स्पष्ट सांगावं. ओटीपोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवूनही मूत्राशयाचा तळ उचलला जातो की नाही ते पडद्यावर दिसतं.

स्नायू खरंच कमजोर निघाला तर निदान तीन महिने सराव लागतो, दिवसातून तीनदा, दरवेळी आठ तरी आकुंचनं. काही लांब धरायची, काही झटक्यात सोडायची. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आणि स्नायू यांचा मेळ सुधारतो, ताकद नंतर येते; म्हणून पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडून देणं म्हणजे निम्म्या वाटेवरून परतणं. शिंक येतेय असं वाटताच आधी आवळून धरायची युक्ती मात्र लवकर कामी येते. लघवी मध्येच थांबवून रोजचा व्यायाम करू नये. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

पण सगळ्यांचाच स्नायू सैल नसतो. काहींचा तो कायम आवळलेला असतो. लघवी अडखळत होते, होऊनही राहिल्यासारखी वाटते, जळजळ असते पण तपासणीत जंतू सापडत नाहीत, शौचाला कुंथावं लागतं, संबंधाच्या वेळी दुखतं. वर्षानुवर्षं कळ काढणं याला हातभार लावू शकतं. घाणेरड्या कमोडला न टेकता अर्धवट उभं राहून उरकण्यानेही हा स्नायू सुटत नाही. भारतीय संडासावर पूर्ण उकिडवं बसणं वेगळं. त्यात मलमार्गाचा बाक सरळ होतो आणि सुटणं सोपं जातं. अशा बाईने यूट्यूब पाहून कीगल सुरू केले तर त्रास वाढू शकतो. तिला आधी सोडायला शिकवतात. श्वास खोल घेतला की छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि त्याबरोबर हा तळही किंचित उतरतो. उपचार इथून सुरू होतो, मग हाताने गाठी मोकळ्या करणं, गरज पडल्यास बायोफीडबॅक, म्हणजे स्नायू आवळला की सुटला ते यंत्रावर दाखवणं.

तिसरी तऱ्हा घाईची. दिवसभर ठीक, आणि बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाय ठेवताच थांबवत नाही. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं, पण ‘लागली नाही तरी जाऊन ये’ या सवयीने ते थोड्यावरच ओरडायला शिकतं. पाणी कमी प्यायल्याने गडद झालेली लघवी त्याला आणखी चिडवते. इथे दोन-तीन दिवस वेळा लिहून काढायला लावतात. मग कळ आली की धावायचं नाही. जागीच थांबून चार-पाच वेळा आवळायचं. तसं केल्याने मूत्राशयाचं आकुंचन शमतं. दोन फेऱ्यांतलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन-चार तासांवर न्यायचं.

मुंबईत फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकात केईएम रुग्णालयात, पोलिओच्या सावलीत सुरू झालं. त्यामुळेच की काय, फिजिओ म्हणजे गुडघे आणि लकवा हे आपल्या डोक्यात बसलंय. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेल्या पुरुषांनाही म्हणून कुणीतरी आठवणीने सांगावं लागतं की हा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या, नंतर मूत्रमार्गातली नळी निघाल्यावर लघवीवर ताबा मिळवायला तो लागणार आहे. आणि कंबरदुखीसोबत जांघांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवी अचानक अडली, तर फिजिओकडे न जाता थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जावं. ती मणक्यातल्या नसा दबल्याची खूण असू शकते.