जांभ्याच्या भिंती आणि एसीची गार हवा

जुनी इमारत हॉटेलसाठी घेतली की भिंती फोडून पाइप घालायचे आणि एसी टांगायचा, एवढंच काम असतं असं अनेकांना वाटतं. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेल्या आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेल्या तेरेखोल किल्ल्यात हॉटेल झालं. पणजीच्या फोंतेन्यासमधल्या जुन्या घरांतही झाली. अशा ठिकाणी सगळ्यात जास्त छळतं ते हवेतलं बाष्प.

पावसाळ्यातली दुपार घ्या. बाहेर ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेचा दवबिंदू साधारण २७ अंश, म्हणजे त्याहून गार पृष्ठभागाला लागली की ती पाणी सोडते. पाहुण्याने एसी २० वर ठेवला की भिंतीची आतली बाजू २७ च्या बरीच खाली जाते. जांभा आणि चुना दोन्ही सच्छिद्र, त्यामुळे बाष्प दमट बाजूकडून कोरड्या बाजूला, म्हणजे बाहेरून आत झिरपतं. आत चुन्याचाच गिलावा आणि सफेदी असेल तर ते खोलीत येतं, एसीच्या कॉइलवर त्याचं पाणी होतं आणि ड्रेन पाइपने निघून जातं. तिथे ऑइल पेंट किंवा व्हिनाइल वॉलपेपर लावला की वाट बंद! पाणी त्यामागे साचतं, बुरशी धरते, लोणा लागतो, गिलावा पोकळ वाजायला लागतो. थंड देशांत बाष्प आतून बाहेर जातं, म्हणून तिथे ते अडवणारा थर आतून देतात. कोकणपट्टीत तेच केलं तर भिंतीची वाट लागते. अशा डागांना वास्तुदोष समजून वास्तुशांत करणं आणि आतून ‘वॉटरप्रूफ’ लेप फासणं, दोन्हींत पैसा फुकट जातो.

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच दमट हवा कौलांच्या फटींतून आत ओढली जाते. म्हणून बाहेरची हवा आधी १२-१३ अंशांपर्यंत गार करून तिच्यातलं पाणी काढायचं आणि एक्झॉस्टपेक्षा किंचित जास्त हवा खोलीत सोडायची. आतला दाब २-३ पास्कलने जास्त राहिला तरी पुरतो. गरजेपेक्षा मोठा एसी नकोच. तो खोली झटकन गार करून थांबतो आणि ओल तशीच राहते.

संडासाच्या ११० मिमी पाइपला ४० ला १ उतार दिला तर १५ मीटरमध्ये तो ३७.५ सेंमी उतरतो. लाकडी तुळयांच्या मजल्यात एवढी जागा नसते आणि तुळई कापायची नाही. म्हणून बाथरूम एकावर एक घ्यायची, पाइप मागच्या अंगणातून उतरवायचे. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर १९ मिमी नायट्राइल रबर चढवून प्रत्येक सांधा टेपने बंद करायचा. एक जरी उघडा राहिला तरी गार नळीवर बाष्पाचं पाणी होऊन ठिबकतं आणि खालची फळी कुजते.